इंदुरात एका रविवारी जुन्या बस जुन्या मार्गावर काढायच्या आहेत: गाडी, कागद आणि वेळापत्रक

रामबाग_थांबा

नमस्कार मंडळी. जानेवारी-फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी इंदुरात दोन जुन्या बस रस्त्यावर आणायचं घाटतंय. नुसत्या उभ्या करून फोटो काढायला नाही, माणसं बसवून फेऱ्या मारायला.

मार्ग दोन डोक्यात आहेत. शहरातला: बडा गणपती, राजवाडा, कृष्णपुरा, गांधी हॉल, शास्त्री पूल, रीगल, पलासिया. बाहेरचा: सरवटे स्टँड, नवलखा, भंवरकुआं, राजेंद्रनगर, राऊ, महू.

गाड्या अशा:

टाटा १२१०, पुढे नाक असलेली. खासगी मालकाची, सहा-सात वर्षं शेडमध्ये उभी आहे. इंजिन हाताने फिरतंय, म्हणजे जाम नाही. टाकीत जुनं डिझेल तसंच आहे. टायर दिसायला भरलेले आहेत.

लेलँड कॉमेट, एके काळी शाळेची बस. सुरू होते, पण ब्रेकची हवा टिकत नाही. बंद करून चहा पिऊन येईपर्यंत काटा शून्यावर. मजला लाकडी फळ्यांचा, छपरावर कॅरियर आणि मागे शिडी.

विचारायचं हे: एवढे दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी काय काय उघडावं? आरटीओचं काय? 'व्हिंटेज'चा नवा नंबर बसला मिळतो का? लोकांकडून पाच-दहा रुपये तिकीट घेतलं तर डिझेलचा खर्च निघेल, ते चालतं का? आणि दोन गाड्यांत वेळापत्रक कसं बसवायचं?

---

कलम_६६

आधी कागद, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

व्हिंटेजचा नंबर बसला मिळत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली, ज्यातून 'व्हीए' अक्षरांची मालिका आली, ती फक्त दुचाकी आणि एम-१ वर्गाच्या चारचाकीसाठी आहे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटल्यावर. एम-१ म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनं. तुमच्या दोन्ही गाड्या एम-३, म्हणजे मोठ्या बसच्या वर्गात मोडतात. गाडी ६० वर्षांची असली तरी ही वाट बंद. कुणी एजंट 'करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग मालकी बघा. सरकारी खातं, महापालिका, परिवहन महामंडळ यांच्या नावावरच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही. आरसीवर अजून एखाद्या सरकारी खात्याचं नाव असेल आणि ट्रान्सफर झालीच नसेल, तर ती गाडी रस्त्यावर आणायचा विचार सोडा. उभी ठेवून दाखवा. तुमची टाटा खासगी आहे, तो प्रश्न नाही. शाळेच्या कॉमेटची आरसी मात्र नीट वाचा: शाळा सरकारी होती की संस्थेची, आणि शेवटची नोंद कुणाच्या नावावर आहे.

तिसरं, गाडी कुठल्या वर्गात नोंदली आहे. ट्रान्सपोर्ट असेल तर आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस, म्हणजे फॉर्म ३८ वरचं प्रमाणपत्र, आणि शिवाय परमिट. १५ वर्षांवरच्या जड गाडीची फिटनेस फी २०२२ पासून कित्येक पटींनी चढली आहे, ती अंदाजपत्रकात धरा. 'ओम्नीबस, खासगी वापर' अशी नोंद असेल तर गाडी नॉन-ट्रान्सपोर्ट: दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून नूतनीकरण, परमिट नाही. एका दिवसाच्या हौसेसाठी ही दुसरी वाट सोयीची. वर्ग बदलून घ्यायचा तर जुनं परमिट जमा, थकलेला टॅक्स भरा, मग अर्ज. याला महिने लागतात. डिसेंबरात उठून जानेवारीत होणार नाही.

आता तिकीट. एक रुपयासुद्धा घेऊ नका. मोबदला घेऊन माणसं नेली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागतं. मेळे-जत्रांसाठी कलम ८७ खाली तात्पुरतं परमिट असतं, पण ते धडधाकट फिटनेस असलेल्या गाडीला, आणि एवढ्या वयाच्या गाडीला प्रवासी परमिट मिळवणं म्हणजे निव्वळ डोकेफोड. 'देणगी' म्हणून दारात डबा ठेवला तरी अपघात झाल्यावर विमा कंपनी तोच डबा पुढे करेल. खर्च पुस्तिका विकून, स्टॉल लावून काढा, आणि विक्री गाडीच्या बाहेर. पुस्तिका घेतली नाही तरी बसता आलं पाहिजे.

विमा किमान थर्ड पार्टी, आणि आत बसणाऱ्यांचं कव्हर वेगळं मागून घ्या. कंपनीला लेखी कळवा की या दिवशी, या मार्गावर, विनामूल्य, इतकी माणसं. चालकाकडे जड प्रवासी वाहनाचं चालू लायसन्स हवं. नंबर प्लेट सध्याची नियमातलीच राहील. १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर हौसेने रंगवायचा असेल तर तो आतल्या काचेवर.

आरसी जुनी कागदी असेल तर आधी तिची 'वाहन' पोर्टलवर बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल. त्या वेळी इंजिन आणि चासी नंबर गाडीवरून वाचून जुळवतात. जुन्या टाटांत इंजिन बदललेलं असणं अगदी नेहमीचं. नंबर जुळला नाही की तिथेच अडतं.

---

डबलक्लच

वरचं इंजिन नंबराचं धरूनच सुरू करतो, कारण मेकॅनिकलाही तेच लागतं. १२१० ला मूळ इंजिन ६९२: सहा सिलिंडर, ९२ मिमी बोअर, पावणेपाच लिटरच्या थोडं वर. पण नंतर ९७ बोअरचं ६९७ बसवलेल्या गाड्या भरपूर आहेत. पिस्टन, लायनर, हेड पॅकिंग आणायला जाण्याआधी ब्लॉकवरचा नंबर चुन्याने घासून वाचा आणि लिहून न्या. आरसी बघून सामान आणलं की दुकानात दोन चकरा ठरलेल्या.

आता टाटा सुरू करणं. बॅटरी जोडायची घाई नको. जुन्या डिझेलवर सेल्फ मारला की टाकीतली घाण थेट डिझेल पंपात, म्हणजे इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपात.

टाकी खाली उतरवा. बूच काढून सगळं बादलीत घ्या. तळाला पाणी आणि काळा चिकट गाळ निघेल. दोन-तीन वेळा स्वच्छ डिझेलने खळखळून धुवा, आतली जाळी काढून साफ करा, दोन्ही फिल्टर नवे टाका. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप डोळे मिटून बदला. या बाजूला दाब नसतो, ओढ असते. रबराला बारीक भेग पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत आणि गाडी मात्र दहा मिनिटांनी धापा टाकून बंद. राजवाड्यासमोर हे झालं तर फार वाईट दिसतं.

सुरू करण्याआधी रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, तपासा; हे कुणी सांगत नाही. स्टॉपची केबल ओढून सोडा: पंपावरचा लिव्हर टोकापर्यंत जाऊन स्प्रिंगने आपोआप परत आला पाहिजे. जुन्या डिझेलची राळ बसून रॅक आत अडकतो. तो 'भरपूर डिझेल' या जागी अडकला असेल तर इंजिन सुरू होताच रेस धरतं, आणि चावी फिरवून थांबत नाही, कारण डिझेलला ठिणगी लागतच नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड प्लायची फळी घेऊन एक माणूस तिथेच उभा करा. रेस धरली की फळी तोंडावर दाबायची. फडकं नको, ते आत ओढलं जातं. हात तर नकोच.

लिव्हर अडकत असेल तर पंप उतरवून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे. हातोडीने ठोकून 'मोकळा' करणारे भेटतील, त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका. नॉझलही त्याच खेपेत टेस्टरवर लावून घ्या.

हवा काढायची ती अशी. फिल्टरवरचा स्क्रू दोन फेरे सैल. फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी नुसतं फुस्स, मग फेस, मग फेसात तुटक धार, मग बुडबुड्याशिवाय सलग धार. ती धार चालू असतानाच स्क्रू आवळा, पंप मारणं थांबवून नाही. मग तेच पंपाच्या बॉडीवरच्या स्क्रूला. शेवटी दोन नॉझलचे पाइप नट सैल ठेवून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. तांब्याचे वॉशर नवेच. गावात नाहीच मिळाले तर जुने लाल तापवून थंड केले की मऊ होतात, पुन्हा चालतात.

ऑइल काढून, फिल्टर बदलून, नवं भरून झाल्यावर स्टॉप ओढून धरा आणि सेल्फ दहा सेकंद, मधे अर्धा मिनिट विश्रांती, असं ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. बेअरिंग इतकी वर्षं कोरडी आहेत.

टायर 'भरलेले आहेत' याला काही अर्थ नाही. ९.००-२० च्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, थेट भंगारात. सहा-सात वर्षांवरचा असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, पुढे लावू नका. पुढे रीट्रेडही नाही. मागच्या जोडीत दोन्ही टायर एकाच उंचीचे हवेत, नाहीतर मोठा सगळा भार घेतो आणि तापून फुटतो. ट्यूब, फ्लॅप नवे. हवा भरताना लॉक रिंगच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. रिंग नीट बसली नसेल तर ती सुटते, आणि समोरचा माणूस वाचत नाही. रिंगभोवती साखळी गुंडाळा, लांब नळीने भरा.

---

हवा_दाब

कॉमेटच्या गळतीवर बोलतो.

साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली जाण्याआधी गळती कुठल्या बाजूला आहे ते ठरवा, अर्धं काम वाचतं. हवा पूर्ण भरा, ७ किलोच्या आसपास काटा थांबेल. इंजिन बंद. पेडलला हात-पाय न लावता दहा मिनिटं काटा बघा. मग पुन्हा भरून, बंद करून, एका माणसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा बघा.

पेडल न दाबताच पडतो: कॉम्प्रेसरकडून हवेच्या टाकीत जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह, अनलोडर, टाकीचं बूच, पाइपचे जोड, किंवा फूट व्हॉल्व्हची (ब्रेक पेडलने चालणाऱ्या व्हॉल्व्हची) वरची सीट. फूट व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडाला तळहात लावा. पेडल सुटलेलं असताना तिथून सतत हवा येत असेल तर सीट गेली, किट टाका. पेडल दाबल्यावरच पडतो: ब्रेक चेंबरचे डायाफ्राम किंवा त्यांचे होज. डायाफ्राम चारही एकदम बदला. एक फाटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. टाकी आतून गंजलेली असते. बूच काढल्यावर लालसर पाणी आलं तर टाकी उतरवून तपासून घ्या, पत्रा पातळ झालेला असू शकतो.

नंतर स्लॅक अॅडजस्टर. ब्रेकची चाल कमी-जास्त करणारा हा भाग. चाक उचला, शू घासेपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे. एका एक्सलच्या दोन्ही बाजूंना पुशरॉडची चाल सारखी हवी, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर हवेने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आजच्या बस चालवणाऱ्या ड्रायव्हरला सवय असते की हवा गेली तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, गाडी जागच्या जागी धरते. या जुन्या गाड्यांत ते नाही. हवा गेली म्हणजे ब्रेक गेला, उरतो हातब्रेक, आणि तो उभ्या गाडीसाठी असतो, धावत्यासाठी नाही. ड्रायव्हरला हे तोंडी सांगून भागणार नाही, रिकाम्या मैदानावर करून दाखवा. नियम ठेवा: काटा ५ किलोच्या खाली असेल तर गाडी हलणार नाही, मग कितीही माणसं खोळंबू देत. प्रत्येक टर्मिनसला चाकाखाली लाकडी ठोकळे, आणि प्रत्येक फेरीनंतर टाकीतलं पाणी काढा.

चाचणी रिकाम्या गाडीवर घेऊ नका. २५ माणसं बसणार असतील तर ५० किलोच्या वाळूच्या ३२ गोण्या आसनांमध्ये पसरून ठेवा आणि मग ब्रेक बघा. दहा किलोमीटर चालवून थांबा, प्रत्येक ड्रमजवळ तळहात न्या. एक जास्त गरम म्हणजे शू सुटत नाही. एक थंड म्हणजे ते चाक काम करत नाही, बाकीची तीन त्याचं ओझं वाहताहेत.

टाटाला हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सगळ्या व्हील सिलिंडरची आणि मास्टरची रबरं नवी. ऑइल डॉट ३ किंवा ४, दोन्ही मिसळले तर चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही.

---

रामबाग_थांबा

फारच कामाचं. दोन शंका. आमचा मिस्त्री म्हणतो, टाटाचा थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी गरम व्हायची भीती नाही. आणि पीयूसीत धूर पास होईल का? टाटा सुरू झाल्यावर काळा सोडेल असा अंदाज आहे.

---

डबलक्लच

थर्मोस्टॅट काढू देऊ नका. त्याचं काम फक्त पाणी अडवणं नाही. गरम झाल्यावर तो बायपासची वाट बंद करतो आणि पाणी रेडिएटरकडे वळवतो. काढला की बायपास कायम उघडा, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं. थंडीत गाडी तापत नाही, गर्दीत थंड होत नाही. नवा आणा, बसवण्याआधी पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात उघडतोय का ते बघा.

गरम होण्याचं खरं कारण रेडिएटर. खालची टाकी उघडून नळ्या साफ करून घ्या, होज आणि फॅन बेल्ट नवे. आणि मिरवणुकीच्या चालीने गाडी नेऊ नका. आयडलला पंखा हळू फिरतो, वारा ओढत नाही. ढोल-ताशा पथकामागे पहिल्या गिअरात अर्धा तास चालवली की कुठलीही जुनी गाडी उकळते. पथक ठेवायचंच असेल तर ते राजवाड्यावर एका जागी वाजू द्या, बस आपल्या चालीने जाऊ दे. गरम असताना टोपण उघडायचं नाही, २० लिटर पाणी सोबत.

पीयूसी: बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या मापात २.४५. नॉझल आणि टायमिंग बरोबर असेल, एअर क्लीनर साफ असेल तर जुनं इंजिन त्यात बसतं. फक्त थंड गाडी मशीनवर नेऊ नका. पंधरा-वीस किलोमीटर चालवून, सायलेन्सरमधली काजळी दोन-चार जोरदार रेसने बाहेर टाकून मग न्या. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा राहिला तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील. पांढरा थंडीत सुरुवातीला चालतो; गरम झाल्यावरही राहिला तर टायमिंग नाहीतर हेड पॅकिंग.

डायनामो असेल तर आणखी एक: आयडलला तो चार्ज करत नाही. दिवे, हॉर्न, वर कुणीतरी जोडलेला लाउडस्पीकर, असं सकाळभर चाललं की दुपारी सेल्फ लागत नाही. स्पीकरला वेगळी बॅटरी द्या.

---

फलाट_तीन

मार्गाबद्दल.

महूचा मार्ग या वेळी सोडा. अंतर वीस किलोमीटरच्या वर, आग्रा-मुंबई रस्त्याची वाहतूक, आणि ताशी तीस-पस्तीसने जाणाऱ्या जुन्या बसमागे ट्रकवाले जे करतात ते सगळ्यांना माहीत आहे. फारच ओढ असेल तर सरवट्यावरून राजेंद्रनगरपर्यंत एकच फेरी, मागे इंडिकेटर लावलेली सोबतची गाडी. निम्मी हौशी मराठी मंडळी तशीही राजेंद्रनगरातच राहतात.

शहरातला मार्ग छान आहे, पण सकाळीच. ७ ते ११. त्यानंतर राजवाड्याजवळ बस वळवणं म्हणजे स्टेअरिंगवरच्या माणसाची परीक्षा, आणि पॉवर स्टेअरिंग नाही हे विसरू नका. उभ्या गाडीचं स्टेअरिंग ओढायचं नाही, किंचित सरकत असतानाच वळवायचं. नाहीतर किंगपिन आणि टाय रॉड एंडवर सगळा ताण. रंगपंचमीच्या गेरचे (रंगांच्या मिरवणुकीचे) दिवस आणि अनंत चतुर्दशी टाळाच. रस्ता कुठे खोदला आहे, कुठे बॅरिकेड आहेत, ते आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या रात्री मोटारसायकलवर बघून या. कॅरियरसकट गाडीची उंची मोजून त्या मापाची काठी सोबत घ्या: लोंबणाऱ्या केबल, कमानी, स्वागताचे फलक. बडा गणपतीकडचा भाग विशेष बघा.

हिशोब असा मांडा. एका बाजूचं अंतर सहा किलोमीटर धरा, सरासरी ताशी १२. म्हणजे अर्धा तास. दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा मिनिटं थांबा, एवढा वेळ पाणी, हवा, टायर बघायला लागतोच. पूर्ण फेरी ९० मिनिटं. दोन गाड्या म्हणजे दर ४५ मिनिटांनी एक बस. ७, ७.४५, ८.३०, ९.१५, आणि शेवटची दहाला सुटेल. त्यापेक्षा दाट वेळापत्रक कागदावर शोभून दिसतं, रस्त्यावर नाही. एक गाडी बंद पडली तर दुसरी ९० मिनिटांनी, हे फलकावर आधीच लिहून ठेवा. लोक चिडतात ते उशिराने नाही, न सांगितल्याने.

शास्त्री पुलाचा चढ हीच खरी कसोटी. चढावर थांबा ठेवू नका, रीगलच्या सिग्नलला वाहतूक पोलिसांचा माणूस मागून घ्या, म्हणजे चढावर गाडी उभी राहणार नाही. परवानगीचा अर्ज पोलिस आयुक्तालयातल्या वाहतूक उपायुक्तांकडे, थांब्यांचे फलक आणि मंडप यासाठी महापालिकेकडे वेगळा. अर्जात 'रॅली' शब्द लिहिला की प्रश्न वाढतात. 'दोन वाहनांच्या विनामूल्य प्रदर्शन फेऱ्या' असं लिहा, वेळापत्रक आणि विम्याची प्रत जोडा.

तिकिटाच्या बाबतीत परदेशातली उदाहरणं कुणी दाखवेल. इंग्लंडात सॅलिसबरीच्या पठारावर इंबर नावाचं गाव आहे, १९४३ मध्ये लष्कराच्या सरावासाठी रिकामं केलेलं. तिथे २००९ पासून वर्षातून एक दिवस जुन्या बस धावतात. पण ती रीतसर नोंदलेली बससेवा असते, म्हणून तिथे पैसे घेता येतात. वर जे सांगितलंय ते इथे पाळा.

---

दांडियाबाजार_बडोदा

आमच्याकडे असा दिवस काढायचा तर पहिली काळजी अलकापुरीच्या गरनाळ्याची, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्याची, असती, तुमचं बरं आहे. मी फक्त कंडक्टर आणि पाट्यांबद्दल लिहितो, कारण गाडी कितीही चोख केली तरी लोकांच्या हातात पडतं ते तिकीट.

तिकीट विनामूल्यच, पण द्या जरूर. पातळ रंगीत कागद, मार्गाच्या टप्प्यांची नावं दोन्ही कडांना, मधे 'स्मरणार्थ, विनामूल्य'. आकार तीन बाय सहा सेंटीमीटरच्या आसपास, वरच्या कडेला शिवण किंवा पिन मारून शंभराचे गठ्ठे. लाकडी किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये गठ्ठे क्लिपने बसतात. पंच लागतोच, टोकदार भोकाचा घ्या, साधा ऑफिसचा पंच पातळ कागद फाडतो. गठ्ठ्यावर क्रमांक छापून घेतले की किती माणसं बसली त्याचा हिशोब आपोआप मिळतो. गाडीत २५ च्या वर कुणी नाही हे कंडक्टर त्यावरूनच बघेल: थांब्यावर गठ्ठ्याचा नंबर, उतरलेल्यांची वजाबाकी.

घंटीची खूण दोघांनाही पाठ हवी. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. उत्साही मुलं दोरी ओढतात, आणि दोनदा ओढली तर कुणी पायरीवर असताना गाडी हलते. दोरी कंडक्टरच्या बाजूलाच ठेवा, बाकीची छताला गुंडाळून बांधा. दार नसलेल्या गाडीत पायरीजवळ एक स्वयंसेवक कायम. मागची शिडी प्लाय लावून बंद करा, नाहीतर टपावर कुणीतरी चढणारच, आणि केबल तिथेच आहेत.

लाकडी मजल्याच्या फळ्या वरून छान दिसतात; खालून टोकदार पेचकसाने टोचून बघा. चाकांच्या वर आणि पायरीजवळ आधी कुजतात. आसनांचे बोल्ट त्याच फळ्यांत असतील तर खाली पत्र्याची पट्टी देऊन पुन्हा आवळा.

---

लष्कर_ग्वाल्हेर

रंगाबद्दल एक. संस्थानी काळाची हौस म्हणून १९७० च्या टाटावर जुन्या कंपन्यांची नावं रंगवणारे भेटतात. आमच्या ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनीचं नाव तर फार जणांना आवडतं, कारण दिल्लीची शहर बससेवाही मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने हातात घेईपर्यंत तिच्याकडेच होती. पण ती गाडी आणि तो काळ जुळत नाही. कॉमेट आणि १२१० या रस्त्यांवर धावल्या त्या राज्य परिवहन निगम आणि खासगी बसवाल्यांच्या जमान्यात. खासगी बसचं रंगकाम करा, मालकाचं नाव गाळून. निगमचं बोधचिन्ह मात्र टाळा. सरकारी गाडीचा भास झाला की रस्त्यात कुणीतरी अडवून विचारणारच.

पाटी हाताने रंगवून घ्या, फ्लेक्स नको. पत्रा ९० बाय २० सेंटीमीटर, पिवळ्यावर काळं, 'राजवाडा' सगळ्यात मोठं. मागच्या बाजूला उलट दिशेची पाटी रंगवली की टर्मिनसला नुसती फिरवायची.

---

रामबाग_थांबा

ठरलं तर मग: महू रद्द, पैसे नाहीत, २५ माणसं, ४५ मिनिटं. एक राहिलं. दोन्ही गाड्या ऑइल गळतात. राजवाड्यासमोर डाग पडले तर महापालिकेचा माणूस दंडाची पावती घेऊन उभाच असेल.

---

डबलक्लच

इंदुरात हा प्रश्न इंजिनापेक्षा गंभीर! जिथे गाडी पाच मिनिटांवर उभी राहणार तिथे खाली पत्र्याचा उथळ ट्रे, तीन बाय दोन फूट, तळाला लाकडाचा भुसा. एक इंजिनखाली, एक मागच्या एक्सलखाली. ट्रे टर्मिनसलाच ठेवायचे, गाडीबरोबर फिरवायचे नाहीत. आदल्या दिवशी संपच्या आणि डिफरन्शियलच्या पॅकिंगचे बोल्ट एक-एक फेरा आवळून बघा. सगळे एकदम ताणले तर कॉर्कचं पॅकिंग फाटतं आणि गळती दुप्पट.

सोबतच्या गाडीत: फॅन बेल्ट, वरची-खालची होज आणि क्लिपा, डिझेल फिल्टर दोन, तांब्याचे वॉशर, एक नॉझल पाइप, ब्रेकचा एक डायाफ्राम, पाच लिटर ऑइल, पाणी, जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी, दोन अग्निशामक नळकांडी, ओढायला सरळ लोखंडी बार. दोरखंड नको. इंजिन बंद असताना हवा भरली जात नाही, म्हणजे मागच्या गाडीला ब्रेक नसतो, आणि दोरीवर ओढली तर शास्त्री पुलाच्या उतारावर ती पुढच्या गाडीवर जाईल. डिझेल टाकी अर्धी तरी भरलेली ठेवा. खर्च १५ लिटरच होईल, पण तळाशी आली की उरलासुरला गाळ ओढला जातो.

---

हवा_दाब

बार लावायच्या आधी पुढचा टो हुक हलवून बघा. जुन्या गाड्यांत तो कधी कधी नुसता बंपरला वेल्ड केलेला असतो, चासीला नाही.